निम्मेरावांची सरासरी

नगरपालिकेच्या नकाशा विभागात दोन नकाशे एकमेकांवर चढले होते, आणि कोणी वर राहायचं, कोणी खाली, हे कॉम्प्युटर निम्मेरावांना विचारत होता.

निम्मेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठे वाद दिसला की ‘निम्मं तुझं, निम्मं त्याचं’ म्हणून तो मिटवायची त्यांना भारी हौस, म्हणून ऑफिसने ते ठेवलेलं. घरी बायकोला पंखा पाचवर हवा असायचा, सासूबाईंना एकवर. पंखा तीनवर फिरायचा आणि दोघी सारख्याच नाराज असायच्या.

पूर्वेचा नकाशा जुना, पश्चिमेचा नवा. दोन्ही जोडून शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरली जाते, ते दाखवणारा एक नकाशा करायचा होता. असा नकाशा म्हणजे बारीक चौकटींची वही समजा. प्रत्येक चौकटीत एक आकडा. एक म्हणजे शेती, दोन म्हणजे झाडी, तीन म्हणजे स्मशान, चार म्हणजे पाणी आणि पाच म्हणजे घरं. मधल्या पट्ट्यात दोन्ही नकाशे येत होते. तिथे आकडा कुणाचा धरायचा? पहिल्याचा, शेवटच्याचा, की सरासरी?

जुना नकाशा मोजणीकार काकांनी केलेला. निम्मेरावांना टेप धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा नकाशा खाली दाबायचा म्हणजे कृतघ्नपणा. नवा दाबावा, तर तो विभागप्रमुख मॅडमनी मागवलेला. निम्मेरावांनी ‘सरासरी’वर टिचकी मारली आणि समाधानाने चहा प्यायला गेले.

आता मधल्या पट्ट्यात एक गल्ली होती. काकांच्या वेळी तिथे शेत होतं, म्हणजे एक. पुढे घरं झाली, म्हणजे पाच. एक अधिक पाच, भागिले दोन. करून पाहा. निम्मेरावांनी तेवढं करून पाहिलं नाही.

मॅडमची सही झाली, नकाशा दर्शनी भिंतीवर लागला, आणि चौथ्या दिवशी निम्मेरावांची थोरली बहीण ऑफिसात येऊन उभी राहिली.

“आम्ही कधी गेलो रे?”

“कुठे, ताई?”

“तेच विचारतेय. तुझ्या भाऊजींना जिना चढवत नाही, म्हणून खाली न्हाणीघर बांधायला अर्ज दिला. हे बघ उत्तर. ‘स्मशानभूमीत निवासी बांधकामास परवानगी देता येत नाही.’ भाऊजी म्हणतात, मग निदान जिना तरी चढावा लागायला नको होता.”

निम्मेरावांनी नकाशा उघडला. ताईच्या गल्लीतली बेचाळीसच्या बेचाळीस घरं स्मशानाच्या रंगात काळी पडली होती. त्यांनी टेबलाखाली बोटं मोजली आणि त्यांचे कान तापले.

“कॉम्प्युटरचं काहीतरी झालं असणार,” ते म्हणाले.

हे मॅडमनी ऐकलं. “कॉम्प्युटर आपल्या मनाने स्मशानं काढत नाही. तिथे जुना नकाशा आहे ना? मग मोजणीकारांनीच घोळ घातलाय. बोलवा त्यांना.”

खरं बोलायला निम्मेरावांनी तोंड उघडलं, ‘बोलावतो’ म्हणाले आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी काका आले. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मोजणीच्या वह्यांनी फुगलेली पिशवी. बस म्हटलं तरी बसेनात.

“पहाटेपासून वह्या चाळतोय, मॅडम. मी तिथे शेतच लिहिलंय. पण बेचाळीस घरांचा प्रश्न आहे, तेव्हा चुकलो असेन. डोळे तेव्हाच जायला लागले असतील. तुम्ही लिहा काय ते, मी सही करतो.” मग निम्मेरावांकडे वळून हळूच म्हणाले, “तुला शिकवताना किती ओरडायचो मी. लाज वाटते रे आता.”

निम्मेरावांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“काका, शेतच होतं,” त्यांचा आवाज चिरकला. “शेत एक, घर पाच. मी सरासरी काढली.”

“कसली सरासरी?” मॅडमनी चष्मा काढला.

“आकड्यांची.”

“अहो, त्या नुसत्या खुणा आहेत! हजेरीपटावरच्या एक नंबरच्या आणि पाच नंबरच्या मुलांना शेजारी बसवलं, तर मधून तीन नंबरचा निघतो का?”

“नाही निघत,” निम्मेराव म्हणाले. दुसरीतलं पोर म्हणतं तसं.

मॅडमनी काकांकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “बरं. जुन्या नकाशावर वर्ष लिहिलेलं नव्हतं, हेही खरं. निम्मी चूक त्यांची, निम्मी तुमची. विषय संपला.”

काका मान डोलवू लागले. निम्मी लाज उचलायला किती हलकी असते! निम्मेरावांना मोहही झाला. पण काकांची बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

“नको, मॅडम. सगळी माझी. आणि नकाशाशेजारी तसं लिहून लावतो.”

नवा आकडा वर घेऊन नकाशा नीट करायला अकरा मिनिटं लागली. कागद लिहायला तास गेला. ‘या नकाशात बेचाळीस घरं स्मशानात गेली, ती माझ्यामुळे. चूक संपूर्ण माझी आहे.’ खाली खरं नाव. ते वाचून शिपायाने विचारलं, “हे कोण?” मग कंसात ‘निम्मेराव’ लिहावं लागलं.

दिवसभर ते खोलीबाहेर पडले नाहीत. भिंतीपाशी लोकांचं हसू ऐकू येई आणि ते मान आणखी खाली घालत. ऑफिस सुटल्यावर भिंतीच्या कडेने निघाले, तर कागदासमोर ताई उभी.

सहीखाली पेन्सिलीने कापऱ्या अक्षरात होतं, ‘वर्ष लिहायचं राहिलं, ते माझं. मोजणीकार.’ त्याखाली हिरव्या शाईत, ‘न बघता सही केली, ती माझी.’ त्याखाली परवानगीच्या कारकुनाने लिहिलं होतं, ‘जाऊन पाहिलं असतं तर दार कोणीतरी उघडलंच असतं.’

“ताई, कॉम्प्युटरचं म्हणालो ते खोटं होतं.”

“ठाऊक आहे. कान लाल झाले होते तुझे. पेन्सिल आण.”

“तुला कशाला?”

“आईमागे तुला वाढवलं कोणी? कुणाशी भांडलास की ‘निम्मं निम्मं घ्या आणि गप्प बसा’ म्हणायचं कोण?”

कागदावर जागा उरली नव्हती. ताईने मान तिरकी केली आणि समासात लिहायला घेतलं.