हंबीरराव मेस्त्रींची गॅरंटी

कोल्हापुरात कुठलाही मेस्त्री हुडकायचा असला तर मला विचारा! नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी हे वाक्य सासूबाईंच्या समोर, तोंडात मटणाचा तुकडा असताना ठोकलं. तो तुकडा जरा मोठा असता आणि मला बोलता आलं नसतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्याच आठवड्यात मी जुनी गाडी घेतली होती. रंग अंड्यासारखा, चालायला झकास! फक्त थांबायला कुरकुर. ब्रेक दाबला की पाय थेट तळाला आणि गाडी आपली पुढंच! हापसा मारल्यासारखा धबाधबा पाय मारला, की मग कुठं तिला लाज वाटायची. आणि आमच्या सासूबाई, धोंडुबाई, मुरगूडहून मुद्दाम आलेल्या. जावयाच्या गाडीतनं जोतिबाला जाऊन नारळ वाढवीन, असा त्यांचा नवस होता. आता जोतिबाचा डोंगर चढायला इंजिन पुरतं, पण उतरायला ब्रेकच लागतो!

"ब्रेक नीट झाल्याबिगर आईला गाडीत बसवायचं न्हाई," आमच्या मंडळींनी, म्हणजे संयोगितेनं बजावलं. "आणि पेट्रोल पण भरा. काटा पार खाली गेलाय."

"आधी थांबायचं बघू, मग पळायचं!" मी म्हणालो. हे वाक्य मला एवढं आवडलं की ऑफिसातही दोघातिघांना ऐकवलं.

शेजारच्या टेबलावरचा आकाराम मात्र हसला नाही.

"ब्रेकला कुणाचा पण हात लावू देऊ नगा," तो म्हणाला. "शाहूवाडीच्या आमच्या साडूनं असाच कुणाकडनं तरी करून घेतला. घाटात गाडी थांबलीच न्हाई. थांबली ती भाताच्या खाचरात! अजून डिकीतनं बेडूक निघत्यात!"

सासूबाई, नारळ आणि बेडूक असं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"मग कुणाकडं जाऊ?"

"हंबीरराव मेस्त्री, उद्यमनगर! त्यो असली गॅरंटी देतो, की गिऱ्हाईक जन्मात इसरत न्हाई."

कसली गॅरंटी, हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

हंबीरराव म्हणजे जुना पैलवान. कान मोडलेले, मान नाहीच. चाक काढून आत बघितलं आणि गरजले, "आधी कुणी हात लावलावता ह्याला? त्याला माझ्याकडं पाठवा!" मी नुसताच मालक असून घाबरलो. गाडी ठेवली आणि पळालो.

रविवारी जोतिबाचा वार. म्हटलं, गाडी घ्यायची आणि तशीच डोंगरावर न्यायची. म्हणून सासूबाई आणि संयोगिता दोघींनाही थाटात उद्यमनगरात घेऊन गेलो.

"झाला का ब्रेक?"

"झाला म्हंजे? मुंगी आडवी आली तर मुंगी वाचंल!"

"मग निघतो आम्ही."

"असं कसं? गॅरंटी न्हाई घ्यायची?" हंबीररावांनी समोर बोट दाखवलं. "त्या भितीला पाठ लावून हुबं ऱ्हावा. मी गाडी आणतो तुमच्या अंगावर. थांबली तर घेऊन जावा. आमच्या वडलांपासनं हीच रीत हाय!"

"आणि न्हाई थांबली तर?"

"तर परत काम करून देतो की! फुकट!"

"मी चालवतो, तुम्ही हुबं ऱ्हावा," मी चाचरत म्हणालो.

"तुमच्या पायावर माझा इस्वास न्हाई, पावणं!"

तोवर आजूबाजूची लेथ मशिनं बंद झाली. हात पुसत माणसं गोळा झाली. आता पळून जायचं म्हटलं तरी गर्दीतनं वाट नव्हती. त्यात सासूबाई म्हणाल्या, "जावायबापू, मेस्त्री तुम्हीच हुडकलासा न्हवं?"

संपलं! मी बायकोकडं आशेनं बघितलं. तिचेही डोळे पाण्यानं भरले होते.

"अवं," ती म्हणाली, "चष्मा तरी माझ्याकडं द्या."

मी उभा राहिलो. भिंतीला पाठ लावल्यावर मागं जायला जागाच नसते, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. विम्याचा हप्ता भरला की राहिला, काही केल्या आठवेना! समोरून गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत निघाली. चष्मा नव्हता तरी हंबीररावांच्या मिशा मला स्पष्ट दिसायला लागल्या. मग मिशांचे केस दिसायला लागले! "आई गंऽऽ!" मी ओरडलो आणि डोळे मिटले. आई साताऱ्याला असते, तरी ओरडलो.

गाडीला उचक्या लागल्या. एक हिसका बसला. माझ्या पँटीला काहीतरी गार टेकलं.

मी एक डोळा उघडला. बंपर! आणि अलीकडं मी. जिवंत!

शिट्ट्या काय, टाळ्या काय! सासूबाईंनी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. माझी छाती जी फुगली! "बघितलासा? ह्याला म्हणत्यात मेस्त्री!" मी गर्दीला सांगत सुटलो. "तुमच्या गाड्या पण हितंच आणा! आणि बिनधास्त हुबं ऱ्हावा! भ्यायचं काय त्यात?"

हंबीरराव मात्र गाडीतनं उतरेनात. किल्ली फिरवली. खर्र खर्र. परत फिरवली. मग काटा असतो तिथल्या काचेवर टिचकी मारली आणि खाली मान घालून बाहेर आले.

"पावणं, घोटाळा झाला."

"कसला?"

"मी ब्रेक मारलाच न्हाई. मारणार हुतो, तवर हीच थांबली. पेट्रोल संपलंय!"

मी तिथंच बंपरवर बसलो.

"आधी थांबायचं बघू, म्हणालावता न्हवं?" संयोगिता म्हणाली आणि चष्मा परत पर्समध्ये ठेवला.

"ही गॅरंटी धरायची न्हाई," हंबीररावांनी जाहीर केलं. "पेट्रोल आणा आणि परत हुबं ऱ्हावा."

एकही माणूस हलला नाही. कुणीतरी चहा सांगितला.

पेट्रोल आणायला मी स्वतः गेलो. कॅन घेऊन, चालत. पंप कोपऱ्यावरच होता, पण मी म्हटलं गावाबाहेर, पार पेठ वडगावच्या बाजूला पेट्रोल चांगलं मिळत असेल. परत आलो तोवर सासूबाई एसटीनं जोतिबाला जाऊन, नारळ वाढवून आल्यासुद्धा होत्या! त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. हंबीरराव गाडीतच बसले होते. आणि भिंतीजवळ मी उभा होतो तिथं कुणीतरी खडूनं माझ्या दोन्ही पावलांच्या जागा आखून ठेवल्या होत्या.