यंत्रमानवाच्या बाजूचे नाना

टीव्हीतल्या माणसांशी भांडणारा माणूस जळगावला येईपर्यंत मी पाहिला नव्हता. आमच्या वसतिगृहाचे शिपाई नाना दर रविवारी भांडत. अंतराळयानाची मालिका लागली की ते दाराशी स्टुलावर बसत. त्या यानात एक यंत्रमानव होता. तो चुकला की टोपीवाला कप्तान त्याला विजेचा झटका द्यायचा. झटका बसताच नाना उठत.

"ए टोपीवाल्या! तुले लाज शे का? तो बी कोन्हा तरी पोऱ्या शे ना!"

"नाना, तो पत्र्याचा आहे," मुलं हसत.

"मंग वरडस कसाले?"

एकदा कप्तानाने यंत्रमानवाचा हात उपटला, तेव्हा नानांनी टीव्हीच बंद केला. अख्खा हॉल ओरडला. "याले सुधरू द्या, मंग लावसू," नाना म्हणाले.

मी पहूरचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. शहरातल्या मुलांशी काय बोलावं ते मला कळत नसे. मालिका संपली की सीनिअर मुलं माझ्या डोक्यावर बादली पालथी घालत, सदऱ्यावर खडूने बटण काढत आणि ते दाबून हुकूम सोडत. एका रविवारी मी आधीच वळकटी बांधून ठेवली. दुपारच्या एसटीने गावी जायचं, परत यायचं नाही.

"रोबोट, स्वतःच्या थोबाडीत मार!" त्या दिवशी हुकूम झाला. मी हात उचलला, तोच नानांचा आवाज आला.

"भाऊ, तो खडू दे."

बादलीखालून मला फक्त पाय दिसत होते. नानांच्या जाड चपला माझ्या शेजारी येऊन थांबल्या. खडू कापडावर घासल्याचा आवाज आला.

"हे देख, माले बी बटन शे. दाब. पहिले कोन्ता गालवर मारू, सांग."

"जाऊ द्या ना, नाना," शेवटी एक जण पुटपुटला आणि सगळे पाय दाराकडे निघाले.

नाना माझ्या खोलीपर्यंत आले. वळकटी त्यांनी पाहिली. खाली बसून गाठ सोडू लागले.

"दोरी चांगली शे. माले धोतर वाळत घालाले पाहिजे."

एसटीची वेळ झाली तसा मी दोरी मागायला त्यांच्या खोलीवर गेलो. तिथे आधीच एक दोरी बांधलेली होती, तिच्यावर एकच धोतर आणि एकच पंचा. माझी दोरी चुलीत जळत होती. वर चहा उकळत होता, बाजूला दोन कप मांडलेले.

"बस," नाना म्हणाले.

मी बसलो, तो पदवी घेऊनच उठलो.