मागचा दिवा पास

माझी बायको संध्याकाळी स्कूटरवरून घरी येत असताना रस्त्यात बंद पडलेल्या एका ट्रकवर मागून आदळली आणि गेली. ट्रकचा मागचा दिवा लागत नव्हता. चौकशीत मात्र तो लागत होता असं ठरलं, कारण तसा दाखला ट्रककडे होता. लागलेला दिवा दिसला नाही, म्हणजे दोष पाहणाऱ्याचा. पाहणारी आता बोलायला नव्हती, त्यामुळे काम लवकर आटोपलं.

ट्रक पुन्हा रस्त्यावर सोडण्याआधी दिवा एकदा लावून बघा, एवढंच मी मागितलं. वाहन तपासणीच्या साहेबांनी ते मान्य केलं. माणूस चांगला होता.

कार्यालय संध्याकाळी बंद असतं, म्हणून दिव्यांची तपासणी भर दुपारी, आवारात होते. ड्रायव्हरनं दिव्याचं बटण दाबलं. साहेबांनी उन्हात डोळे बारीक केले.

"काही कळत नाही," ते म्हणाले. "आणि बंद आहे असं दिसत नाही, तोवर तो चालू धरतात, काका."

"काचेला हात लावून बघा."

त्यांनी लावला. "गरम आहे. म्हणजे चालू."

"साहेब, उन्हानं तुमची खुर्चीही गरम झालीय."

"खुर्ची तपासणीत येत नाही," त्यांचा कारकून म्हणाला.

मी फारच विनवणी केली, तेव्हा ट्रक मागच्या गोदामात घेतला. ड्रायव्हरनं बटण चालू ठेवलं आणि तो चहाला गेला. दार लावलं. मिट्ट काळोख. दिव्याचा पत्ता नाही. मला हायसं वाटलं.

"अंधारात तपासणी करता येत नाही," कारकुनाचा आवाज आला. "पुरेसा उजेड हवा, असं पहिलंच कलम आहे."

त्यानं छताचा बल्ब लावला. सगळं लख्ख दिसू लागलं.

"हा काय दिवा! दिसतोय की!" साहेब म्हणाले.

"दिसतोय, पण पेटलेला नाही."

"काका, तुमची तक्रार काय होती? दिवा दिसला नाही. आता दिसतोय. तुमचं समाधान झालं पाहिजे."

तेवढ्यात वीज गेली. साहेब दाराकडे निघाले आणि थेट ट्रकच्या पाठीवर आदळले. दार उघडलं तेव्हा त्यांच्या कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ होतं.

"आता कळलं?" मी विचारलं.

साहेब खाली बसले. घटकाभर खरंच वाटलं, ते दिवा नापास करणार. मग कारकून त्यांच्या कानाशी वाकला. "पहिला दाखला आपल्याच सहीचा आहे, साहेब."

साहेबांनी टेंगूळ चोळलं. "मी आदळलो नाही. ट्रक मागे आला."

"अहो, ड्रायव्हर बाहेर चहा पितोय!"

"तेच तर. गाडी मागे येत असताना चहा पीत होता. दंड करा त्याला."

दंड झाला. दिवा पास झाला. नवा बल्ब मी खिशात घालूनच आलो होतो. म्हटलं, निदान हा तरी बसवू द्या.

"पास झालेल्या दिव्यात फेरफार?" कारकून दचकला. "गुन्हा आहे तो. तुमच्या वयाकडे बघून ऐकलंच नाही असं समजतो."

ट्रक फाटकातून निघाला. मी केबिनपाशी धावलो.

"अरे बाबा, तुझा मागचा दिवा लागत नाही!"

"पास आहे की, काका."

"उतरून बघ तरी एकदा."

"मी बघून काय करू? तो मागच्यांसाठी असतो."

तो गेला. मला त्याचा राग येईना. चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसतच नाही. कोणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. आमच्या घरी ती उभी राहायची, पदराला हात पुसत ओरडायची, "लागला हो!" मगच मी गाडी काढायचो.

तुमचा लागतो ना? कोण म्हणालं?