सुपर पडदा

पालघरच्या आपल्या छापखान्यात शांतारामांनी तीस वर्षे खिळे जुळवले आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या हातून एक अनुस्वारही निसटला नाही. शहाण्णव साली त्यांनी लॅपटॉप घ्यायचे ठरवले. बोईसरच्या दुकानदाराने पडद्याच्या प्रकारांची तीन नावे पुढे ठेवली : व्हीजीए, सुपर व्हीजीए, एक्सजीए.

"यात फरक काय?"

"साध्यात पान अर्धवट दिसतं, काका. सुपरमध्ये अख्खं. एक्सजीए बड्या कंपन्यांचं काम."

झाकणावर सोनेरी अक्षरांत 'सुपर' लिहिलेले ते यंत्र शांतारामांनी भक्तिभावाने घरी आणले. पडद्यावर दिसते तेवढेच पान, अशी त्यांची त्या दिवसापासून निष्ठा होती.

ज्येष्ठात सफाळ्याची शैला वडिलांच्या, महादूच्या, उत्तरकार्याचे पत्र छापायला आली. महादूला जाऊन पाच दिवस झाले होते.

"काका, खाली दोन ओळी बोलावण्याच्या घाला ना. आमचे आत्माराम काका अठरा वर्सं घरी आले नाय. बोलावल्याबिगर उंबऱ्यात पाय ठेवणार नाय म्हणतात. आन् बाबांनी जाताना त्यांचंच नाव घेतलं."

शांताराम क्षणभर विरघळले. पण रीत ती रीत.

"पोरी, मरणाचं आमंत्रण नसतं. कळवायचं असतं फक्त."

शैलाने डोळे पुसले. पडद्यावर आदल्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका होती. दिसत होता तेवढा मजकूर पुसून शांतारामांनी त्या जागी महादूचे निधन मांडले. दोघांनी ते दोनदा वाचले. मंगलाबाईंनी, म्हणजे शांतारामांच्या पत्नीने, कागद छापून घड्या घातल्या; अक्षरओळख नसल्याने वाचण्याचा प्रश्न नव्हता. घडीवर पत्ते घालून शैलाने गठ्ठा तसाच टपालात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक उरलेली प्रत शांतारामांनी सहज उलगडली. निधनाच्या मजकुराखाली ठळक छापले होते : 'तरी सहकुटुंब, सहपरिवार अगत्य यावे. रात्री आठ वाजता वरात निघेल. आपली उपस्थिती हाच आहेर.'

त्यांनी बोईसरच्या दुकानदाराला फोन लावला.

"सुपर बाहेरचा मोठा पडदा जोडल्यावर हो, काका! आतला साधाच. खोक्यावर लिहिलंय की, अगदी तळाला."

"आता सफाळ्याला जाऊन पाय धरा," मंगलाबाई म्हणाल्या.

"आणि जोडे खाऊ?"

"बाराव्याचं जेवण असतंच. उपाशी नाही यायचात."

बाराव्या दिवशी दुरुस्त पत्रांचा गठ्ठा काखेत मारून शांताराम महादूच्या अंगणात शिरले. ओटीवर शैलाशेजारी एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा बसला होता. त्याच्या हातात तेच पत्र होते.

"हेच छापखानेवाले, आत्माराम काका," शैला हळूच म्हणाली.

"हे तुमी छापलंत?"

"अपराध माझा. ती वरातीची ओळ..."

"वरात गेली खड्ड्यात! 'सहकुटुंब, सहपरिवार' लिवलंय. अठरा वर्सांत या घरातून मला असं कोणी बोलावलं नाय. सगळ्यांना घेऊन आलो." आत्मारामांनी आत महादूच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिले. "पंधरा दिवस आदी छापायला काय झालं होतं तुमाला?"

शांतारामांनी काखेतला गठ्ठा पुढे केला.

"काय हाय हे?"

"शुद्ध प्रत."

"परत न्या." आत्मारामांनी अंगणाकडे बोट केले. तिथे त्यांचे तीन मुलगे तीन कोपऱ्यांत, एकमेकांकडे पाठ करून उभे होते. "आन् माझी पाळी येल तवा हाच मजकूर घाला. नायतर खांद्याला चौगं मिळायचे नाय."