टेंबेकाकांचा वाचलेला वेळ

आमच्या सुदामानगरात भाजणीचं एक पाकीट पोचवायला दोन स्कूटर लागतात. पुढच्या स्कूटरवर सुनीता असते, पाकीट घेऊन. मागच्या स्कूटरवर टेंबेकाका असतात, सुनीतावर नजर ठेवून. भाजणी काकांची, दोन्ही स्कूटरमधलं पेट्रोल काकांचं, आणि ही व्यवस्था सुचवणारा गाढव मी.

टेंबेकाका आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात. रिटायर झाल्यावर त्यांनी भाजणी आणि मेतकूट विकायला सुरुवात केली. हाताला चव अशी की उज्जैन-भोपाळहून फोन येतात. स्वभाव मात्र संशयी. ‘डाउट आहे भिया’ हे त्यांचं पालुपद; भिया म्हणजे आमच्याकडचा ‘भैया’. डब्याचं झाकण लावलं की झाकणापासून डब्यापर्यंत पेन्सिलची रेघ ओढतात. कुणी उघडलाच तर रेघ जुळणार नाही. एकदा खरंच जुळली नाही. घरात दुसरं कुणीच नाही, तेव्हा दोन दिवस आरशात स्वतःकडेच रोखून बघत होते.

सांवेर रोडवर एक शेड भाड्याने मिळत होती, मोठी कढई आणि चक्कीसकट. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. काका रोज म्हणायचे, “जाऊन बघायचीय, पण टाइम कुठेय?” टाइम जात होता घरोघर पाकिटं देण्यात. सकाळी निघालेला माणूस दुपारी दोनला परत.

मी सल्ला द्यायला टपलेलाच असतो. मोबाइलवर धंद्याचे व्हिडिओ बघून बघून मी तज्ज्ञ झालोय. (मी स्वतः एकदा आकाशकंदील विकायला घेतले होते. माल भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला.) म्हटलं, “काका, पैसे टाका, टाइम विकत घ्या. पाकिटं पोचवायला कुणी ठेवा, तुम्ही धंदा वाढवा.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचं यात काय? कमिशन?”

पण आठवडाभरात सुनीता कामाला लागली. आणि पुढच्याच सोमवारी काका मला एका पोह्याच्या ठेल्याआड सापडले. डोक्यात हेल्मेट, तोंडाला रुमाल.

“काका, टाइम वाचला का?”

“वाचला ना. त्याच टाइमात तर इथे उभाय.”

“सुनीता पाकिटं पळवेल असं वाटतं?”

“डाउट आहे भिया.”

“सुनीतावर?”

ते समोरच्या बिल्डिंगकडे बघत राहिले.

महिना संपत आला. शेड हातची जाणार, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटणार. शेवटच्या दिवशी सुनीता जिना चढून आमच्या दारात आली, तेव्हा मी हळूच म्हटलं, “तुला माहितीय का, काका तुझ्या मागे फिरतात?”

“पहले दिन से पता है भैया,” ती म्हणाली. “वो मुझे नहीं देखते. ये देखते हैं कि कोई पूछता है क्या, काकाजी क्यों नहीं आए. मैं रोज बोल देती हूँ, सब पूछ रहे थे. उनको डाउट आता है. तो अब खुद सुनने सीढ़ी तक आने लगे हैं.”

“आणि कुणी विचारलं?”

तिने मान हलवली. कुणीच नाही.

आम्हीही नाही. सुनीताकडून पाकीट घ्यायचं, दार लावायचं. काका यायचे तेव्हा उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास मेथी किती भाजावी ते सांगायचे, आणि बायको कुकरचं निमित्त करून आत पळायची. तो अर्धा तास आपलाही वाचेल, हे सल्ला देताना माझ्या मनात होतं. आज कबूल करतो.

मी विचारलं, “टेंबेकाका कसे आहेत गं?”

“जरा जोर से, भैया,” सुनीता कुजबुजली.

मी जिन्याकडे तोंड केलं. “काका का येत नाहीत हल्ली? चुकल्यासारखं वाटतं आम्हाला.”

आतून बायको बाहेर आली. तिला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “खरंच की. त्यांना म्हणावं, चहाला तरी या.”

जिन्यात खालून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“उद्या येतो, वहिनी. आत्ता जरा शेड बघायला जायचंय.”