मावशींचे डोळे आणि तीन कोटेशनं

फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर उघडला आणि कोटेशनरावांनी कपाळावर हात मारला. सगळे झकास आले होते. मेहुणा, मेहुण्याची बायको, तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं बाळ, शेजारी स्वतःची बायको, आणि मधोमध खुर्चीत मावशी. चेहराभर हसू आणि डोळे गच्च मिटलेले.

"अरे देवा!" मागून बायको म्हणाली. "दुसरा काढला नव्हतास?"

"काढला ना. त्यात डोळे उघडे आहेत त्यांचे."

"मग तो घे की!"

"तो तुझ्या भावाने चहाचा कप सांडला तेव्हाचा आहे. मावशी त्याच्याकडे डोळे वटारून बघतायत आणि बाकीचे सगळे फरशी पुसतायत."

मावशी म्हणजे बायकोची मावशी, पण आईच्या जागी. आई लवकर गेली तेव्हा या दोन्ही भावंडांना त्यांनीच पदराखाली घेतलं. आता त्या स्वतःच्या मुलाकडे परदेशात कायमच्या राहायला निघाल्या होत्या, पुढच्या रविवारी. पुन्हा सगळे एका खोलीत कधी जमणार कुणास ठाऊक. हा फोटो चांगल्या फ्रेममध्ये बसवून त्यांच्याबरोबर द्यायचा, असं बायकोने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"डोळे उघडता येतात," कोटेशनराव घाईघाईने म्हणाले. "सॉफ्टवेअर लागतं फक्त. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग घे. पण परवडेल असं घे. मागच्या खेपेला कॅमेऱ्याच्या लेन्सपायी माझ्या सोफ्याचे पैसे गेले, विसरले नाहीये मी."

इथेच सगळं बिनसलं. कोटेशनराव एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. तिथे टाचणीसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेत नसत, आणि इतकी वर्षं तेच केल्यावर तो नियम त्यांच्या अंगात मुरला होता. 'कोटेशनराव' हे टोपणनाव त्यांना ऑफिसने दिलं आणि घराने आनंदाने उचललं. एकदा दाढ दुखायला लागली तर ते तीन डॉक्टरांकडे दर विचारायला गेले. तिसऱ्याच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दाढ आपणहून पडली. पैसे वाचले याचा त्यांना अजून अभिमान आहे.

तर त्यांनी तीन सॉफ्टवेअर निवडली. पहिलं एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं. दुसरं महिन्याच्या भाड्याचं. तिसरं चक्क फुकट, पण हवी ती सोय मागितली की ते हळूच "ही सशुल्क आहे" म्हणायचं. तिन्ही आठवडाभर वापरून बघायला मिळत होती. तुलना न्याय्य व्हावी म्हणून कोटेशनरावांनी तिन्ही एकाच दिवशी, एकाच बैठकीत सुरू केली. त्याचा अर्थ काय होतो, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पहिल्यात त्यांनी दुसऱ्या फोटोतले मावशींचे डोळे कापून या फोटोत बसवले. काम सफाईदार झालं. फक्त ओठ मायेने हसत होते आणि डोळे चहा सांडणाऱ्याला जाळत होते.

"मावशी आता मला ओरडेल असं वाटतंय," बायको एक पाऊल मागे सरकून म्हणाली.

मग त्यांना सुचलं, मावशी-भाचीचे डोळे अगदी सारखे आहेत. त्यांनी बायकोचे डोळे मावशींना लावले. डोळे शोभले, पण त्यानंतर कोटेशनरावांना पडद्यासमोर बसवेना. बायको दोन-दोन ठिकाणांहून त्यांच्याकडे बघत होती, आणि दोन्हीकडे चेहऱ्यावर सोफ्याचा विषय होता.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिटलेले डोळे आपोआप उघडणारं बटण होतं. कोटेशनरावांनी ते दाबलं. मावशींचे डोळे उघडले, अगदी हसरे, त्यांचेच वाटावेत असे. कोटेशनरावांनी टाळी वाजवली. मग त्यांचं लक्ष बाळाकडे गेलं. बटणाने बाळाचेही डोळे उघडले होते, आणि ते मांडीवर पडल्या पडल्या एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखं सगळ्यांकडे रोखून बघत होतं.

बाळाला पुन्हा झोपवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. ते झोपलं, तर फोटो साठवताना सॉफ्टवेअरने सगळ्यांच्या छातीवरून 'चाचणी प्रत' असा आडवा शिक्का मारला. शिक्का पुसायला त्यांनी तो फोटो तिसऱ्यात नेला. तिसऱ्याने शिक्का पुसला, पण त्याबरोबर मेहुण्याचा डावा कानही पुसला. कान परत आणायला ते पहिल्याकडे गेले.

एव्हाना कोटेशनरावांचं कशात लक्ष लागेनासं झालं होतं. ऑफिसात बसले की पाय हलायचा, घरी बसले की खुर्ची बदलायचे. जेवताना ते समोरच्याच्या कानांकडे टक लावून बघत.

"भावजी, माझ्या कानाला काही लागलंय का?" मेहुण्याने एकदा विचारलंच.

"नाही, नाही. आहे ना जागेवर? असू दे."

अखेर शनिवारी सकाळी फोटो तयार झाला असं त्यांना वाटलं. डोळे उघडे, बाळ झोपलेलं, कान दोन. फक्त शेवटचं साठवायचं राहिलं होतं. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि तिन्ही सॉफ्टवेअरनी पाठोपाठ त्यांना नमस्कार केला. चाचणीची मुदत संपली आहे, पुढे वापरायचं असल्यास खरेदी करा. आणि पहिल्यात केलेलं काम पहिल्याशिवाय कशातच उघडत नव्हतं.

"मग घेऊन टाक ना विकत!" बायको ओरडली.

"घेतो. पण पहिलं घेतलं तर आपोआप डोळे उघडायचं बटण त्यात नाही. दुसरं घेतलं तर जन्मभर भाडं. आणि तिसऱ्याची एक सवलत आहे, ती जर..."

"फ्रेमवाला दुपारी दुकान बंद करतो!"

कोटेशनराव पहिल्याचं पान उघडत, मग तिसऱ्याचं, मग परत पहिल्याचं. तीन कोटेशनं कशी मागवायची हे त्यांना झोपेतही आलं असतं. पण त्यातलं एक निवडायचं काम ऑफिसात साहेब करत, हे त्यांना आज पहिल्यांदाच जाणवलं. शेवटी बायकोने लॅपटॉप मिटला, मूळ फोटोचा पेनड्राइव्ह त्यांच्या हातात कोंबला आणि त्यांना दाराबाहेर काढलं.

रविवारी सगळे मावशींकडे जमले. बॅगा दाराशी होत्या, टॅक्सी यायची होती. मावशींनी कागद सोडला, फ्रेम मांडीवर ठेवली आणि चष्मा लावला. कोटेशनराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आठवडाभर धडपडून आपण या बाईला तिचे मिटलेले डोळे देतोय, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, माफ करा," त्यांना राहवेना. "डोळे उघडायचे राहिले."

"कुणाचे?"

"तुमचे."

मावशींनी फोटो जरा लांब धरला. "अरे हो की! माझे फोटोत कधी उघडे असतात? पासपोर्टवाल्याने पाच वेळा काढला होता. मला ठाऊक आहे हो मी कशी दिसते." मग त्या पुन्हा फोटो न्याहाळू लागल्या. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत काठापर्यंत गेल्या, परत फिरल्या. "पण जावईबापू, तुम्ही कुठे आहात यात?"

कोटेशनराव पुढे येऊन बघू लागले. आठवडाभर त्यांनी या फोटोतली पापणी न् पापणी तपासली होती. स्वतः त्यात नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. वाईट याचं वाटलं, की ते घरात दुसऱ्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बायकोने मान खाली घातली.

"मी... काढत होतो ना," ते म्हणाले.

"तुमच्या लग्नानंतरच्या एका फोटोत तुम्ही असाल तर शपथ! तिकडे शेजारणींना काय सांगू? माझ्या पोरीचा नवरा फार गुणी, पण कॅमेऱ्याच्या मागे आहे?" मावशींनी फ्रेम बाजूला ठेवली. "कॅमेरा आणलाय ना? द्या तो त्या चहासांड्याकडे. आणि इथे उभे राहा, माझ्याजवळ."

मेहुण्याने कॅमेरा उलटा धरला, सुलटा केला आणि बटण दाबलं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. सगळे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकले. फोटो तिरका होता, बाळाचं नुसतं टक्कल आलं होतं. मावशींचे डोळे टक्क उघडे होते. कोटेशनरावांचे गच्च मिटलेले.

"अजून दोन काढ," कोटेशनराव पटकन म्हणाले. "तीन असले की मग त्यातला..."

"हाच," मावशी म्हणाल्या. "हाच पाठवा मला. आणि खबरदार दुरुस्त केलात तर!"