सध्याचा वापर : पडीक

आमच्या दोन इमारतींच्या मधल्या भूखंडावर सात मजली वाहनतळ होणार असल्याची नोटीस एका मंगळवारी सकाळी कुंपणाच्या खांबावर चिकटवलेली आढळली. नोटिशीत भूखंडाचा क्रमांक होता, चतुःसीमा होत्या आणि 'सध्याचा वापर' या रकान्यात एकच शब्द होता : पडीक. हरकत असल्यास नागरिकांनी पंचेचाळीस दिवसांत कळवावी, असं तळाशी लिहिलं होतं. ते इतक्या बारीक अक्षरांत होतं की दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना भिंग घेऊन खाली यावं लागलं.

हा भूखंड म्हणजे चाळीस पावलं लांब आणि पंचवीस पावलं रुंद अशी साधी मातीची जागा. त्यावर एक झाड आहे आणि कुठेच न जाणारी एक दगडी पायरी आहे. पूर्वी तिथे काहीतरी बांधलेलं असणार, ते गेलं आणि पायरी राहिली. त्या पायरीवर माझे वडील रोज चार ते सात बसत असत.

बाबा अडतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. दीड हजार माणसं किती वाजता आली आणि किती वाजता गेली हे त्यांनी मिनिटासकट लिहिलं. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खणात टाकलं आणि पायरीवर जाऊन बसले. आई गेली तेव्हा ते महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. मग एके दिवशी पुन्हा पायरीवर गेले, तीन तास बसले, आणि घरी येऊन म्हणाले, "चहा आहे का?" तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. ते तिथे नेमकं काय करतात, असं कुणी विचारलं तर "काही नाही" म्हणायचे, आणि खरोखरच काही करत नसत.

म्हणून वाहनतळाची बातमी वाचून मला आधी बाबांची पायरी आठवली. त्याच संध्याकाळी जिन्यात सभा झाली. अध्यक्षपदी निवृत्त मुख्याध्यापिकांची निवड झाली. त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, कारण निम्मे रहिवासी त्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झालेत आणि सभेत अजूनही बोट वर करून बोलतात. मी सहा मिनिटं उशिरा पोचलो म्हणून सचिवपद मला देण्यात आलं. समितीच्या नावावर चार सभा झाल्या. पाचवी सभा 'नियोजित' हा शब्द कंसात ठेवायचा की कंसाबाहेर, या विषयावर झाली. अखेर 'परिसर-हित संवर्धन व भूखंड बचाव कृती समिती (नियोजित)' हे नाव एकमताने ठरलं, तोवर पंचेचाळीसपैकी चौदा दिवस संपले होते.

मग आम्ही कार्यालयात गेलो. तिथे पाहणीवाले साहेब भेटले. खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी, आणि चेहरा रोज शेकडो पावलं मोजून दमलेल्या माणसाचा.

"आमची जागा पडीक आहे, हे कोणी ठरवलं?" बाईंनी विचारलं.

"आम्ही काही ठरवत नसतो बाई. आम्ही पाहतो, विचारतो आणि लिहितो." त्यांनी फाइल काढली. "हे बघा. 'सकाळी नऊ चाळीस वाजता स्थळपाहणी केली. येथे कोण असते, अशी विचारणा केली असता, घाईत असलेल्या एका रहिवाशाने, दिवसभर पडीक असतात, अशी माहिती दिली.'"

"कोण हा गाढव?" बाई कडाडल्या.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा अतिशय लक्षपूर्वक वाचू लागलो. आता तुमच्यापासून काय लपवायचं? गाढव मी. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला होता. कुंपणापाशी एका माणसाने विचारलं, "इथे कोण असतं हो?" आणि मी चालता चालता म्हणालो, "आमचे वडील. दिवसभर पडीक असतात." अहो, प्रेमाने म्हणालो! घरात आम्ही असंच बोलतो. पण कागदावर येताना त्यातले वडील गळाले आणि पडीक तेवढं उरलं. समितीत हे अजून कुणाला माहीत नाही. तुम्हीही कृपा करून बोलू नका.

"मग खोडा तो शब्द," बाई म्हणाल्या.

"शब्द खोडता येत नाही. वापर दाखवलात तर पुढे नवा शब्द लिहिता येतो. पण वापर नियमित हवा, नोंदवलेला हवा. कुणीतरी उगाच आलं, उगाच गेलं, त्याला वापर म्हणत नाहीत." त्यांनी आम्हाला नमुना अकराचा गठ्ठा दिला. त्यात पाच रकाने होते : वेळ, वापरकर्ता, वापराचा प्रकार, हेतू, सही. "तीस दिवस सलग भरा. तिसाव्या दिवशी मी येऊन बघतो."

दुसऱ्या दिवसापासून भूखंडाचा वापर सुरू झाला. बाईंनी वेळापत्रक केलं आणि शाळेतून निवृत्तीच्या दिवशी आणलेली घंटा झाडाला टांगली. मुलं आजवर वाटेल तेव्हा येऊन धावायची. आता ती साडेचार ते सव्वापाच 'शारीरिक विकास' करू लागली आणि शेवटी 'मी आज आनंदाने खेळलो' याखाली सही करू लागली. आठवडाभरात पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या : 'पोटात दुखत असल्याने आज खेळण्यास सूट मिळावी.' एका जागरूक आईने तर मुलीला पकडापकडीची शिकवणी लावली.

गाद्या वाळत घालणं म्हणजे 'सौर निर्जंतुकीकरण' झालं. बायकांच्या गप्पांना 'अनौपचारिक चर्चासत्र' म्हणून दुपारची वेळ मिळाली, पण चर्चासत्र म्हटलं की इतिवृत्त आलं. कोण कुणाबद्दल काय म्हणालं हे मी लिहून घेऊन सहीसाठी फिरवलं, त्या दिवसापासून चर्चासत्रात फक्त हवामानाचा विषय निघतो.

खरी अडचण झाली ती भांडणाची. तळमजल्यावरचे टेलर आणि दाताचे डॉक्टर झाडाखाली स्कूटर कुणी लावायची यावरून गेली नऊ वर्षं तिथे भांडत होते. इतका जुना आणि नियमित वापर दुसरा नव्हता. बाईंनी त्यांना मंगळवार आणि शुक्रवार, सहा ते साडेसहा अशी वेळ दिली. पहिल्या मंगळवारी दोघं समोरासमोर उभे राहिले आणि त्यांना काही सुचेना. शुक्रवारी दोघांनाही हसू फुटलं. पुढच्या मंगळवारी ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहाला गेले. मला नोटीस काढावी लागली : 'आपण उभयतांनी नेमून दिलेल्या वेळी भांडण न केल्याने समितीच्या कार्यात खंड पडत आहे. तीन दिवसांत खुलासा करावा.' खुलासा आला, पण तो संयुक्त होता आणि खाली दोघांच्या सह्या होत्या!

आणि मग बाबांची पाळी आली. बाई नमुना अकरा घेऊन पायरीपाशी उभ्या राहिल्या.

"वापराचा प्रकार काय लिहू?"

"बसणे," बाबा म्हणाले.

"हेतू?"

"काही नाही."

"असं कसं? चिंतन लिहू का?"

"मी चिंतन करत नाही."

"निसर्गनिरीक्षण?"

"झाडाकडे माझी पाठ असते."

"बाबा, लिहू द्या ना त्यांना काहीतरी," मी मध्ये पडलो. "एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अडतीस वर्षांत मी कुणाच्या नावापुढे खोटं लिहिलं नाही. आता स्वतःच्या लिहू?"

बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. हेतूशिवाय बसणं हीच पडीकची व्याख्या. तीस दिवस घाम गाळायचा, आणि साहेबांनी येऊन यांना नुसतं बसलेलं पाहिलं की सगळं मुसळ केरात. त्या संध्याकाळी ठराव झाला : पाहणी होईपर्यंत भूखंडावर विनाहेतू बसण्यास मनाई. हात सगळ्यांनी वर केले. माझाही वर होता.

नोटीस बजावणं हे सचिवाचं काम. मी ती घरी जेवणाच्या टेबलावर बजावली. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"वेळ टाकायची राहिलीय," ते म्हणाले. माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी वरच्या कोपऱ्यात 'सायंकाळी ७.१०' लिहिलं, मग खाली सही केली आणि हात धुवायला उठले.

"अहो, ज्यांच्यासाठी जागा वाचवताय, त्यांनाच हाकललंत?" बायको म्हणाली.

"तात्पुरतं आहे गं. जागा वाचली की बसतीलच की."

"आणि तेव्हा हेतू कुठून आणणार?"

मला लाज वाटली, भरपूर वाटली, पण इतिवृत्त पूर्ण करायचं होतं म्हणून ती मी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर नमुन्यांचा गठ्ठा ठेवायची सोय झाली आणि शेजारी पाटी लागली : 'येथे नुसते बसू नये.' बाबा चार वाजता चपला घालून कुठेतरी जायचे आणि सातला परत यायचे. कुठे, ते मी विचारलं नाही. मला रोज सदतीस सह्या गोळा करायच्या होत्या.

तिसाव्या दिवशी दुपारी तीन वाजता पाहणीवाले साहेब आले. बाईंनी कुठलाही धोका पत्करायचा नाही म्हणून सगळे सदतीस वापर एकाच वेळी लावले होते. चाळीस बाय पंचवीस पावलांत अकरा गाद्या, चार कुत्री, सूर्यनमस्कार घालणारे सहा जण, चर्चासत्राच्या नऊ बायका आणि बावीस मुलं होती. मुलं धावायला जागा नसल्यामुळे जागच्या जागी उड्या मारत "आम्ही आनंदाने खेळत आहोत!" असं ओरडत होती. टेलर आणि डॉक्टर भांडायला उभे होते.

"नऊ वर्षं तुमची स्कूटर माझ्या डोक्यात बसलीय!" टेलर पाठ केल्यासारखं म्हणाले.

"टेलर, आता कुठली स्कूटर? आपण परवाच मिटवलं ना?" डॉक्टर गहिवरले.

तेवढ्यात एका कुत्र्याने गादीचा कोपरा ओढला, गादी डॉक्टरांवर पडली, डॉक्टर टेलरांवर पडले, आणि नऊ वर्षांतलं सर्वात मोठं भांडण सुरू झालं. समितीने टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांना मोजपट्टी उघडायलाही जागा मिळाली नाही. घाम पुसत ते म्हणाले, "पडीक नाही, मान्य. जरा कुठे टेकू का?"

"हेतू?" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"दमलोय हो."

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. दमणे नव्हतं. साहेबांनी उभ्यानेच आदेश लिहिला : 'भूखंड पूर्ण क्षमतेने वापरात. वाहनतळ रद्द. सदर वापर याच प्रमाणात कायम ठेवणे समितीवर बंधनकारक राहील. खंड पडल्यास भूखंड पुन्हा पडीक समजण्यात येईल.' आणि एकच जल्लोष झाला! लोक नाचायला लागले, पण नाच वेळापत्रकात नसल्यामुळे बाईंनी घंटा वाजवून तो थांबवला.

मी धावत घरी गेलो. "बाबा कुठेत?"

"चार वाजून गेले. गेले ते," बायको म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून पलीकडे."

पलीकडेही दोन इमारती होत्या आणि मध्ये एक मोकळा भूखंड होता. झाड नव्हतं. सिमेंटचा एक मोठा पाइप आडवा पडला होता, त्यावर बाबा बसले होते.

"बाबा, जागा वाचली!"

"छान झालं."

"चला ना घरी. पायरीवर बसा."

"किती वाजता?"

मी घाईघाईने वेळापत्रक उघडलं. चारला गाद्या, साडेचारला मुलं, सव्वापाचला कुत्री. "सोमवारी दुपारी दोन ते दोन दहा रिकामं आहे," मी म्हणालो.

"आणि हेतू?" बाबा म्हणाले, आणि खो खो हसले. महिनाभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग ते थोडे सरकले. "बस."

मी बसलो. तिकडे माझी 'सचिवीय देखरेखी'ची वेळ झाली होती आणि घंटा वाजत असणार. पण पाइप दिवसभराच्या उन्हाने कोमट झाला होता आणि मला उठवेना.

थोड्या वेळाने पिशवी सावरत पाहणीवाले साहेब आले. त्यांनी कुणाला काही न विचारता पाइपच्या दुसऱ्या टोकाला बूड टेकलं आणि "हुश्श" केलं. आम्ही तिघं चांगला अर्धा तास काहीही न करता बसलो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग साहेबांना कर्तव्य आठवलं. त्यांनी वही काढली. "इथे कोण असतं हो?"

मला काय, तीस दिवसांचा सराव होता. चिंतन म्हणालो असतो, निसर्गनिरीक्षण म्हणालो असतो. पण बाबा शेजारी बसले होते, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलवेना.

"आम्ही असतो," मी म्हणालो. "पडीक."

साहेबांनी लिहून घेतलं. स्वतःचं नाव काही लिहिलं नाही.

हा भूखंड तुमच्या इमारतीशेजारचा आहे. खिडकीतून पाहिलंत तर पाइपवर आम्ही दोघं दिसू. नोटीस उद्या-परवा लागेल, आणि तुम्ही समिती स्थापन कराल यात मला शंका नाही. कराल, जोरात कराल. नमुना अकराच्या कोऱ्या प्रती माझ्याकडे आहेत. आम्हाला उठवायचा ठराव तुम्ही पहिल्या की दुसऱ्या सभेत घ्याल एवढंच बघायचं, पण त्याचा मजकूरही मी तयार ठेवलाय. केव्हाही घेऊन जा, चार ते सात मी तिथेच पडीक असतो. फक्त वरच्या कोपऱ्यात वेळ टाकायला विसरू नका. त्याशिवाय बाबा सही करत नाहीत.